पाखराला गाणे येते का?

गेल्या चैत्रात आमच्या सोसायटीच्या सभेत अगदी शेवटी आंब्याचा विषय निघाला. झाड कुंपणाच्या आतले, जुने, आणि त्याची एक फांदी दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीला जवळजवळ टेकलेली. त्या फांदीवर पहाटे चारपासून कोकीळ बसतो, झोपेचे खोबरे होते, तेव्हा ती फांदी उतरवावी, अशी एका ज्येष्ठ गृहस्थांची मागणी होती. कोणीतरी म्हणाले, "अहो काका, कोकिळेचं गाणं ऐकायला लोक मुद्दाम गावाला जातात." त्यावर आवाज न चढवता ते म्हणाले, "गाणं म्हणजे गाणाऱ्याला कळलं पाहिजे आपण काय गातोय ते. हा नुसता आवाज आहे." फांदी तोडायला महापालिकेची परवानगी लागते, अर्ज कोणी करायचा यावर चर्चा थांबली आणि सभा संपली. त्यांचे वाक्य मात्र माझ्या मनातून हलेना. त्यांना उत्तर द्यावे असे वाटत होते आणि ते मला सापडत नव्हते. त्यांच्या बोलण्यात त्रागा असता तर मी ते विसरून गेले असते. पण त्यात एक विचार होता, आणि तो विचार मी त्याच दिवसांत दुसरीकडे वाचत होते.

त्या उन्हाळ्यात माझ्या दुपारी युरोपातल्या मध्ययुगीन संगीताच्या ध्वनिमुद्रणांत जात होत्या. पडदे ओढलेले, पंख्याची घरघर, स्वयंपाकघरातून येणारा उकडलेल्या कैरीचा आंबूस वास, आणि कानांत आठशे वर्षांपूर्वीचे वसंत. ही गाणी पाखरांनी, पालवीने आणि बागांनी इतकी भरलेली आहेत की सुरुवातीला वाटते, या माणसांचे निसर्गाशी काही भांडणच नसावे. पण त्यांच्या शास्त्रकारांकडे वळले की चित्र पालटते. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत ऑगस्टीन यांनी संगीतावर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या पहिल्याच भागात गुरू शिष्याला नाइटिंगेलविषयी विचारतो. वसंतात हा पक्षी किती सुरेख, किती प्रमाणबद्ध गातो. मग त्याला संगीत येते असे म्हणायचे का? शिष्य नाही म्हणतो आणि गुरूला तेच हवे असते. संगीत हे शास्त्र आहे, नीट मापून गती देण्याचे ज्ञान आहे. पाखराला ते ज्ञान नाही, म्हणून त्याच्याकडे संगीत नाही. आमच्या सभेतल्या काकांनी ऑगस्टीन वाचले असण्याचा संभव कमीच. तरीही सोळाशे वर्षांपूर्वीचा तोच युक्तिवाद प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून मी ऐकला होता.

पुढे अकराव्या शतकात अरेझोच्या ग्विदोने हीच रेघ माणसांच्या मधून ओढली. स्वरलेखनाच्या रेषांना शिस्त लावणारा आणि मुलांना अनोळखी चाल वाचून गायला शिकवणारा हा मठवासी फार मोठा शिक्षक होता. त्याच्या एका पद्यबद्ध ग्रंथाच्या आरंभी तो सांगतो की संगीतज्ञ आणि नुसता गायक यांच्यात मोठे अंतर आहे: गायक उच्चारतो, संगीतज्ञ जाणतो, आणि आपण करतो ते ज्याला उमगत नाही त्याला पशू म्हणावे. पुढची काही शतके हे वाक्य शिकवणीत पुन्हा पुन्हा येत राहिले. मला ते कठोर वाटते, पण त्यामागची गरजही दिसते. ज्ञान टिकवायचे होते, चाली बिघडू द्यायच्या नव्हत्या, आणि त्यासाठी एक भिंत हवी होती. भिंतीच्या आत जाणते, बाहेर पाखरे, आणि पाखरांच्या शेजारी तेही सगळे, जे केवळ ऐकून, आवडून, कानाने गातात.

माझी आजी या हिशेबाने भिंतीबाहेरची ठरते.

तिला एकाही रागाचे नाव ठाऊक नव्हते आणि ती उत्तम गायची. आजोळी घरामागे परसबाग होती. अबोलीचे वाफे, सोनचाफा, पोफळींच्या मधून जाणारी पाटाची अरुंद वाट. तिथे पहाट घड्याळात होत नसे. सगळ्यात आधी दयाळ बोलायचा, अंधार पुरता विरायच्याही आत, आणि त्याच्या लांबलचक, मध्येच नवे वळण घेणाऱ्या शिळेवर आजी अंथरुणातून उठायची. पाण्याचा हंडा चुलीवर चढवताना ती जे गुणगुणायची त्यात दयाळाची एखादी ओळ मिसळली आहे, असे मला लहानपणी खात्रीने वाटायचे. आज त्या खात्रीचे काय करावे ते कळत नाही. स्मरणशक्ती अशा गोष्टी हव्या तशा जुळवून ठेवते. पण पुष्कळ वर्षांनी मी नाइटिंगेलचे मुद्रण प्रथम ऐकले तेव्हा आधी आठवला तो दयाळच. हे दोन्ही पक्षी एकाच कुळातले आहेत असे नंतर वाचनात आले आणि मनाला उगाच समाधान झाले. गाणारा नर असतो हेही दोघांत समान, आणि कोकिळातही. लॅटिन कवींनी मात्र नाइटिंगेलला फिलोमेला म्हणून स्त्री केले आणि आपण कोकिळेला.

भिंतींचा विषय निघालाच आहे तर बागेची भिंत कशी होती तेही पाहिले पाहिजे. मध्ययुगीन युरोपातली बाग ही बंदिस्त बाग होती. बायबलमधल्या गीतरत्नातली वधू ही कुलूपबंद उपवनासारखी आहे, आणि त्या ओळीवरून कुमारी मेरीलाच बंद बागेचे रूप मिळाले. चित्रांत ती गुलाबांच्या कुंपणाआड हिरवळीवर बसलेली दिसते. त्याच काळात प्रत्यक्ष बागही कशी असावी हे तेराव्या शतकात अल्बर्टस मॅग्नस या धर्मपंडिताने वनस्पतींवरच्या ग्रंथात नीट सांगून ठेवले आहे. फार उपयोगाच्या नसलेल्या, केवळ आनंदासाठी असलेल्या जागेबद्दल तो बोलतो: बारीक गवताची हिरवळ, कडेने तुळशीच्या जातीची बेसिल, सेज, रू अशी सुवासिक झाडे, बसायला गवताचाच उंचवटा, सावलीला वृक्ष, आणि जमले तर मधोमध दगडी कुंडात स्वच्छ झरा. ही बाग मुख्यतः दोन इंद्रियांच्या सुखासाठी, असे तो म्हणतो. डोळा आणि नाक. कानाचे नाव त्यात नाही. मी ते वाचून थांबले. झाडे लावली, पाणी आणले, म्हणजे पाखरे येणारच. आणि पाखरे आली की पहाट त्यांची. इतक्या बारकाईने गवत निवडणाऱ्या माणसाने कान मोजला नाही, तो ऑगस्टीनपासून चालत आलेल्या सवयीने, की बागेतला आवाज ही आखून करायची गोष्टच नसते म्हणून, हे मला ठरवता येत नाही.

नेमक्या त्याच सुमारास, तेराव्या शतकाच्या मध्याला, इंग्लंडमध्ये टेम्स नदीकाठच्या रेडिंग इथल्या मठाशी जोडलेल्या एका हस्तलिखितात एक गाणे उतरवले गेले. ते हस्तलिखित आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. उन्हाळा आला आहे, कुरण फुलले आहे, रानाला पालवी फुटली आहे. मेंढी कोकराला साद घालते, गाय वासरासाठी हंबरते, बैल उड्या मारतो, आणि बोकड पोटातला वारा सोडतो, असेच बहुतेक अभ्यासक ती ओळ वाचतात. या सगळ्यातून पुन्हा पुन्हा हाक येते ती कुक्कू पक्ष्याला. चार जण एकामागून एक तीच चाल उचलतात आणि खाली दोन आवाज एक छोटा तुकडा सतत घोळवत राहतात. सहा आवाजांची इतकी जुनी दुसरी रचना हाती आलेली नाही. गाण्यातले एक मागणे मला फार प्रिय आहे. छान गातोस कुक्कू, आता कधी थांबू नकोस, असे त्यात म्हटले आहे. आणि गाण्याची घडणच अशी की ते मागणे आपोआप पुरे होते: पहिला गायक शेवटाला पोचतो तेव्हा चौथा अजून मागेच असतो, पहिल्याने पुन्हा आरंभ करावा, की चक्र फिरतच राहते. कुठे थांबायचे हे गाणाऱ्यांनीच आपसांत ठरवायचे.

याच चालीखाली हस्तलिखितात लाल शाईने दुसरे शब्द आहेत, लॅटिनमधले. त्यांत उन्हाळा नाही, कुक्कू नाही. स्वर्गातला शेतकरी द्राक्षवेलीच्या दोषापायी आपल्या पुत्रालाही वाचवत नाही, असा ख्रिस्ताच्या बलिदानाचा आशय आहे. एकाच पानावर गोठ्यातला बैल आणि स्वर्गातला शेतकरी. पहिल्यांदा हे पान चित्रात पाहिले तेव्हा मला वाटले, पाखराचे गाणे मठात ठेवायचे म्हणून त्याला धार्मिक वस्त्र चढवले असेल. आता तितके सरळ वाटत नाही. ज्याने लॅटिन ओळी रचल्या त्यानेही शेत, वेल आणि मशागत हेच शब्द जवळ केले. दोन्ही मजकुरांच्या नखांत माती आहे.

इथे मला आपल्याकडचे एक समकालीन उदाहरण आठवल्यावाचून राहत नाही. रेडिंगचे ते पान लिहिले जाण्याच्या काही दशके आधी देवगिरीला, सिंघण यादवाच्या पदरी, शार्ङ्गदेव 'संगीतरत्नाकर' लिहीत होता. घराणे मूळचे काश्मीरचे, हुद्दा राज्याच्या हिशेबखात्यातला, आणि ग्रंथ असा की आजही त्याच्या वाटेने गेल्याशिवाय जुन्या संगीतशास्त्राचा विचार पुरा होत नाही. स्वरांची ओळख करून देताना तो सांगतो: मोर षड्ज उच्चारतो, चातक ऋषभ, बोकड गांधार, क्रौंच मध्यम, कोकीळ पंचम, बेडूक धैवत आणि हत्ती निषाद. ही यादी शाळेत पाठ केली तेव्हा ती गंमत वाटली होती. आता तिच्यातले धैर्य दिसते. कोकीळ आणि मोर कोणीही घेतला असता, पण या गणिती बुद्धीच्या माणसाने बोकडाला आणि डबक्यातल्या बेडकालाही सप्तकात जागा दिली आहे. शार्ङ्गदेव भोळा नव्हता. गीत रचणाऱ्याच्या अंगी किती व्यासंग हवा याची त्याने दिलेली अट ग्विदोलाही मान्य झाली असती. फरक एवढाच की त्याच्या रचनेत प्राणी प्रवेशद्वाराबाहेर उभे नाहीत, ते पहिल्या पायरीवर बसलेले आहेत, आणि माणसाला वर चढायचे तर त्यांच्या शेजारून जावे लागते.

युरोपात हे काम शास्त्रकारांनी केले नाही, ते गाणाऱ्यांनी केले. दक्षिण फ्रान्समध्ये ऑक्सितान भाषेत रचना करणाऱ्या त्रुबदूर कवींपैकी सर्वांत जुना ज्ञात कवी म्हणजे अक्वितेनचा ड्यूक नववा ग्विलेम. त्याचा मृत्यू 1126 सालचा. वसंताच्या त्याच्या एका कवितेत रानाला पालवी फुटते आणि पाखरे गातात, प्रत्येक आपापल्या लॅटिनमध्ये. लॅटिन ही चर्चची, विद्वानांची, ज्ञानाची भाषा. पाखराला ज्ञान नाही असे पाठशाळेत शिकवले जात असताना एका सरदाराने पाखराच्या चोचीत लॅटिन ठेवली, आणि तीही प्रत्येकाची वेगळी. त्याने हे ठरवून केले की तो त्या काळच्या बोलण्यातलाच प्रकार होता, याने मला फरक पडत नाही. त्याच्या मागोमाग आलेल्या कवींनी वसंताचा आरंभ इतका वापरला की तो साचा झाला: आधी पालवी, मग नाइटिंगेल, मग आपले दुःख. सुमारे 1200 साली राइंबाउत द व्हाकेरासने एक नाचाची चाल घेऊन तो साचा उलटा केला. मे महिना, बीच वृक्षाची पाने, पाखरांचे गाणे, यातले काहीच मला आवडत नाही, जोवर तुझा निरोप येत नाही, असे तो सुरुवातीलाच म्हणतो. ती चाल मात्र इतकी खेळकर आहे की मे महिना त्याचा नकार मनावर घेतच नाही.

साच्यातही एखादा माणूस खरोखर पाहतो. बेर्नार्त द व्हेंतादोर्नने बाराव्या शतकात चंडोल पाहिला आहे. सूर्यकिरणाकडे आनंदाने पंख हलवत वर जाणारा, आणि हृदयात उतरलेल्या गोडीने स्वतःला विसरून खाली पडू देणारा. माळरानावर ज्याने चंडोल ऐकला आहे त्याला ठाऊक असते की हा पक्षी गात गात वर चढतो, ठिपक्याएवढा होतो, आणि उतरताना शेवटच्या टप्प्यात गाणे बंद करून दगडासारखा कोसळतो. कवीने त्या शांत कोसळण्याला कारण दिले: आनंद सोसवत नाही म्हणून. त्याला त्या पाखराचा हेवा वाटतो, कारण पाखराला स्वतःला विसरता येते आणि कवीला ते जमत नाही. ऑगस्टीनने जी उणीव म्हणून मोजली तीच इथे हेवा करण्याजोगी संपत्ती झाली. या गाण्याची चाल टिकून आहे आणि ती इतकी आवडली की तिच्यावर इतरांनी दुसरे शब्द बसवले, लॅटिनसुद्धा.

ऱ्हाइन नदीच्या काठी बिंगेनजवळ मठ चालवणाऱ्या हिल्डेगार्डने, 1098 ते 1179 असे दीर्घ आयुष्य लाभलेल्या त्या विलक्षण बाईने, बागेत बसून नाइटिंगेल ऐकल्याचे गायलेले नाही. तिच्या रचनांत पाखरापेक्षा रस महत्त्वाचा. झाडाच्या खोडातून चढणारा हिरवेपणा हीच तिच्यासाठी दैवी शक्ती. वनौषधींवर तिने जे लिहिले त्यातही तो हिरवेपणा आहे आणि स्तोत्रांतही. मेरीला ती सर्वांत हिरवी डहाळी म्हणते, गवतावर दव पडते, पृथ्वीच्या पोटातून गहू येतो, आणि आकाशातली पाखरे तिथे घरटी करतात. पाखरे गात नाहीत, घरटी करतात, ही नोंद मला महत्त्वाची वाटते. तिच्या चाली नेहमीच्या मठगीतांपेक्षा फार विस्तृत चढतात. तिची गाणी ऐकताना मला नेहमी एका जोमदार वेलाच्या चढण्याची जाणीव होते. पुढचे पेर कुठे फुटेल ते आधी सांगता येत नाही, आणि फुटले की दुसरीकडे फुटणे शक्यच नव्हते असे वाटते.

गियोम द माशोविषयी मी थोडक्यात लिहीन, कारण त्याच्यापुढे माझे मन द्विधा होते. चौदाव्या शतकातला फ्रान्सचा हा सर्वांत मोठा संगीतकार एका चार आवाजांच्या रचनेत गुलाब, लिली, वसंत, हिरवाई, फूल, सुगंध अशी नावे ओळीने ठेवतो आणि मग सांगतो की प्रिया या सर्वांहून गोड आहे. शब्दांत फुले केवळ हरण्यासाठी बोलावली आहेत. पण सूर सुरू झाले की फुले जिंकतात. वरचा आवाज चकाकत धावतो, खालचे आवाज निरनिराळ्या गतींनी एकमेकांना स्पर्श करून सुटतात, आणि ज्या बागेची नुसती यादी केली होती ती ऐकू येऊ लागते.

आता फ्लोरेन्सकडे येते, कारण काकांना द्यायचे उत्तर मला तिथे निम्मे मिळाले. फ्रान्चेस्को लांदिनी लहानपणी देवीच्या रोगाने आंधळा झाला. तो सान लोरेंझो चर्चचा ऑर्गनवादक होता, वाद्ये जुळवायचा, रचना करायचा, आणि ऑकम या इंग्रज तत्त्वज्ञाच्या तर्कशास्त्राची स्तुती करणारी लॅटिन कविताही त्याने लिहिली. ग्विदोच्या कसोटीने हा पुरेपूर जाणता माणूस. 1397 मध्ये तो वारला; त्याच्या समाधीशिलेवर त्याच्या हाती ओर्गानेत्तो हे वाद्य कोरलेले आहे. आपल्या पेटीसारखाच एका हाताने भाता आणि दुसऱ्या हाताने पट्ट्या असा त्याचा मामला, फक्त ते मांडीवर उभे धरायचे. जोव्हान्नी दा प्रातो या लेखकाने पंधराव्या शतकाच्या पहिल्या चरणाच्या शेवटाकडे 1389 सालच्या एका मेळ्याचे वर्णन लिहिले. फ्लोरेन्सच्या वेशीबाहेर आल्बेर्ती कुटुंबाच्या बागेत विद्वान, स्त्रिया, तरुण मंडळी जमली आहेत, झाडांवर असंख्य पाखरे गात आहेत, आणि कोणाच्या तरी मनात येते की लांदिनीने वाजवायला घेतले तर पाखरांचे गाणे वाढेल की कमी होईल ते पाहावे. तो वाजवू लागतो. पाखरे गप्प होतात, जवळ सरकतात, बराच वेळ ऐकत राहतात. मग पुन्हा सुरू होतात आणि दुप्पट गातात. आणि एक नाइटिंगेल येऊन त्याच्या डोक्यावरच्या फांदीवर बसते.

हे खरोखर घडले का, असा प्रश्न मला विचारावासा वाटत नाही. लेखक गोष्ट सांगतो आहे, आणि लांदिनी तोवर हयात नव्हता. मला खेचून घेते ती त्या मंडळींची वागण्याची रीत. पाखराला संगीत येते का याची व्याख्या करत ते बसले नाहीत. त्यांनी वाद्य मागवले, सूर लावले आणि पाखरे काय करतात ते पाहिले. गोष्टीतल्या पाखरांनीही जे केले ते फक्त आवाज करणाऱ्याचे वागणे नव्हते: ती आधी थांबली. ऐकण्यासाठी थांबणे हे संगीतातले पहिले कौशल्य आहे असे मी गाणे शिकताना ऐकत आले. आणि त्या बागेत जो मध्यभागी होता त्याला ना हिरवळ दिसत होती ना कुंडातले पाणी. अल्बर्टसने बागेसाठी मोजलेल्या दोन इंद्रियांपैकी एक त्याच्यापाशी नव्हते. जे मोजलेच नव्हते, त्याच्यावर त्याची सगळी बाग उभी होती. त्याचे वसंतावरचे एक छोटे, नाचरे गीत आजही पुष्कळ गायले जाते. त्यात हवा आणि ताजे गवत आहे, आणि ऐकताना कुठेही असे वाटत नाही की या माणसाने हे सारे इतरांकडून ऐकून घेतले असेल.

उरलेले निम्मे उत्तर कठीण आहे. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात जाँ व्हायाँ या फ्रेंच संगीतकाराने तीन आवाजांचे एक पक्षीगीत रचले. ते फ्रान्समधल्या शाँतियी इथल्या प्रसिद्ध हस्तलिखितात आहे आणि त्या काळी दूरवर नकलले गेले. नाइटिंगेलच्या गोड गाण्याची स्तुती करत ते सुरू होते. मग तक्रार येते: कुक्कू त्याच्याशी सूर जुळवत नाही, द्वेषाने आपलेच दोन स्वर आयुष्यभर ओरडत राहतो. तेव्हा त्याला ठार करा, असा हुकूम सुटतो. जुन्या फ्रेंच कवींना नाइटिंगेलच्या चिवचिवाटात 'ओसी' ऐकू यायचे, म्हणजे 'मार'. व्हायाँ इथे अर्थाला आवाजात सोडून देतो: तू, तू, ओसी, ओसी, फी, फी, लीर, लीर, अशा तुटक अक्षरांचा, अगदी लहान मात्रांचा पाऊस पडतो, आणि मृत्युदंडाचे शब्द पाखरांच्या कलकलाटापासून वेगळे काढता येत नाहीत. मी हे पहिल्यांदा ऐकले तेव्हा आनंदाने उभी राहिले. शब्द हाती घेतले तेव्हा अंगावर काटा आला. बागेत सभा भरली होती, एका पाखराचा आवाज गाण्यात बसत नाही असे ठरले होते, आणि ठराव सर्वांत सुंदर आवाजात वाचला जात होता.

गाणाऱ्यांसाठी मात्र त्या तुकड्यात एक निराळीच गोष्ट घडते. त्या काळची स्वरलिपी मात्रांचे सूक्ष्म भाग करण्यात तरबेज झाली होती. ज्ञानाच्या भिंतीतली ती सर्वांत वरची वीट. आणि त्या विटेवर संगीतकाराने पाखरू आणून बसवले. अर्थ नसलेली अक्षरे तंतोतंत मापात म्हणायची तर गायकाला कमालीचे जाणते असावे लागते. पण मापाकडे लक्ष देऊन म्हटले तर पाखरू मरते, हे कोणाही गायकाला चटकन कळते. जाणूनही न जाणल्यासारखे गावे लागते. बेर्नार्तला चंडोलाचा हेवा वाटला होता तो याच जागी. म्हणून पाखराला गाणे येते का या प्रश्नावर मी त्या काकांना आता एवढे सांगू शकेन, की ज्यांना गाणे येत होते त्यांनी आपले सगळे येणे पणाला लावून पाखरासारखे गाण्याचा प्रयत्न केला, आणि तो आपल्या सर्वांत अवघड लिपीत लिहून ठेवला.

व्हायाँचे गीत पुढे आल्प्समधल्या तिरोलात पोचले. तिथला सरदार ओसवाल्ड फोन वोल्केनस्टाइन, ज्याच्या चित्रांत एक डोळा नेहमी मिटलेला असतो, याने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात ती चाल उचलली, दोन आवाजांत बसवली आणि तिला जर्मन शब्द दिले. मे महिना, डोंगर, दऱ्या, आणि नाइटिंगेलच्या भोवती आणखी पाखरांचा गोतावळा: रेन, सिस्किन, टिट, चंडोल. कुक्कूही आहे. तो इथेही कोणाला आवडत नाही. लहान पाखरांच्या मागे उडत येऊन त्यांना छळतो. पण ओसवाल्डने त्याला तोंड दिले आहे. माझी खंडणी दे, ती मी तुझ्याकडून घेणारच, भुकेने माझे पोट कासावीस झाले आहे, असे तो कुक्कू, कुक्कू करत सांगतो, आणि ते इवलेसे पाखरू, आता मी कुठे जाऊ, म्हणून आक्रोश करते. न्याय कोणाचा हे गाणे सांगत नाही. ज्या सुरांवर फ्रान्समध्ये शिक्षा सुनावली गेली होती, त्याच सुरांवर इथे खाणारा आणि खाल्ला जाणारा दोघेही बोलतात. हे गीत मी सध्या शिकते आहे, खालचा आवाज. वरच्या आवाजातला कुक्कू मला अजून वेगात जमत नाही.